बिनकानाचे कप

१

मी प्लास्टिकचा कागद उचलला आणि बघते तर फळीवरच्या एकाही कपाला कान नव्हता.

माझ्या मागे उभ्या असलेल्या, या घराच्या वकिलांचा चेहरा पडला. तेच मला इथे घेऊन आले होते आणि वाटेत पुन्हा पुन्हा सांगत होते, की सगळा निकाल त्या फळीवर मांडून ठेवलेला आहे, तुम्ही फक्त बघून लिहायचं. फळीवर मातीचे कच्चे कप ओळीने मांडलेले होते. गुळगुळीत, गोल आणि बिनकानाचे.

प्रकरण असं होतं. या घराच्या मागच्या अंगाला भांडी घडवायची कार्यशाळा आहे, ती मास्तरांची. अर्ध्या गावाला त्यांनी चाक चालवायला शिकवलं, म्हणून ते मास्तर. सकाळी मास्तर चाकावर कप घडवायचे आणि दुपारी त्यांची बायको त्या कपांना कान लावायची. मूलबाळ नव्हतं. मागच्या आठवड्यात दुपारची जेवणं झाल्यावर मास्तरांनी भट्टी पेटवली. धुराड्यात पाखरांनी घरटं केलं होतं, ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. विषारी वायू उलटा आत शिरला. मास्तर भट्टीच्या खोलीत दगावले आणि त्यांची बायको शेजारच्या खोलीत, कामाच्या टेबलापाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं सापडली. पोलिसांनी धुराडं उघडून घरटं काढून दाखवलं, तेव्हा अपघात होता यात शंका नव्हती.

प्रश्न एकच होता, आधी कोण गेलं?

ऐकायला वाईट वाटतं, पण माणूस मृत्युपत्र न करता गेला की असल्या प्रश्नांना किंमत येते. घर, कार्यशाळा, भट्टी, सगळं मास्तरांच्या नावावर होतं. मास्तर आधी गेले असतील तर ते सगळं बायकोचं झालं, घटकाभरासाठी का होईना. आणि आमच्या इथल्या कायद्याप्रमाणे तिच्या मागे ते तिच्या दोन बहिणींना निम्मं निम्मं जाणार. बायको आधी गेली असेल, किंवा काहीच सिद्ध झालं नाही, तर सगळं मास्तरांच्या भावाला. डॉक्टरांनी हात वर केले होते. म्हणून वारसा कोर्टाने तपासाला मला पाठवलं.

मला असलीच प्रकरणं मिळतात. बंगल्यांची आणि गिरण्यांची प्रकरणं आमच्या कचेरीत खिडकीवाल्याला मिळतात. कचेरीतली बागेकडे उघडणारी एकुलती एक खिडकी त्याच्या खोलीला आहे, म्हणून तो खिडकीवाला. माझी खोली झेरॉक्स मशीनच्या शेजारी आहे. असो.

मास्तरांपुरतं उत्तर सोपं होतं. भट्टीत सारखी लाकडं सारावी लागतात आणि त्यांनी रचून ठेवलेली रास जवळजवळ तशीच होती. म्हणजे भट्टी पेटवल्यावर थोड्याच वेळात ते गेले. भट्टी पेटली की मधलं दार बंद करायचं आणि त्यांना हाक मारायची नाही, हा घरचा नियम, त्यामुळे बायकोला पत्ता लागला नाही. तिने त्या दुपारी कान लावले असतील, तर ती त्यांच्यानंतर बराच वेळ जिवंत होती, कारण फळीभर कपांना कान लावण्यात दुपार जाते.

आणि कान तर नव्हते. वकील म्हणाले, "म्हणजे तिने कामाला हातच लावला नव्हता. सगळं भावाला."

दारात मेलेल्या बाईची धाकटी बहीण उभी होती. ती याच घरात राहायची आणि याच कार्यशाळेत काम करायची. वकिलांचं वाक्य खरं ठरलं तर तिचं छप्परही जाणार होतं आणि चाकही. पण ती वकिलांकडे बघतच नव्हती. ती माझ्या हातातल्या प्लास्टिककडे बघत होती.

२

मी वकिलांना चहा प्यायला पाठवलं आणि धाकटीला विचारलं, की प्लास्टिकमध्ये बघण्यासारखं काय आहे.

"कान लावायच्या आधी कप झाकत नाहीत," ती म्हणाली. "ते उघड्यावर थोडे सुकावे लागतात, नाहीतर कान धरत नाही. कान लागले की मग झाकायचे. म्हणजे जोड सावकाश वाळतो, तडकत नाही."

"म्हणजे हे झाकलेले होते, याचा अर्थ कान लावून झाले होते?"

ती हो म्हणाली नाही. माई कधी कधी विसरायची, असं काहीतरी पुटपुटली. मेलेल्या बहिणीला ती माई म्हणायची. त्या दिवशी धाकटी माल पोचवायला दुसऱ्या गावी गेली होती, सकाळी परतली आणि दोघांना तिनेच पहिल्यांदा पाहिलं. मी तिला सरळ विचारलं, की त्या सकाळी कपांना कान होते का.

"मी माईकडे बघितलं," ती म्हणाली. "कपांकडे नाही बघितलं."

एक शब्द खोटा बोलली असती तर निम्मं घर तिचं होतं, आणि तो खोटा आहे हे मला कधी कळलंही नसतं. मला तिचा थोडा रागच आला. एवढी सरळ माणसं आमच्यासारख्यांचं काम वाढवतात.

बाकीचं तिने सांगितलं ते असं. त्या सकाळी पोलीस येऊन गेले, त्यानंतर कार्यशाळेत कोणी पाऊल टाकलं नव्हतं. तिला स्वतःला तिकडे जाववत नव्हतं. काल दुपारी वकिलांनी तिघांना बाहेरच्या खोलीत बसवून वारसाचा कायदा समजावला. मास्तरांचा भाऊ, थोरली बहीण आणि धाकटी. त्याच दमात वकील हेही बोलून गेले, की उद्या कोर्टाच्या बाई येऊन कप बघतील आणि कानांवरून काय ते ठरेल. भाऊ आणि थोरली रात्री तिथेच मुक्कामाला होते. कार्यशाळेची किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली असते.

म्हणजे काल दुपारी कानांची किंमत तिघांनाही कळली, आणि आज सकाळी कान गायब होते. प्लास्टिकखाली माती अजून ओलसर होती, तेव्हा कान उपटून वरून हात फिरवणं अवघड नव्हतं. हे कोणाच्या पथ्यावर पडलं, ते शाळकरी पोरानेही सांगितलं असतं.

३

भावाचा ट्रकचा धंदा होता. माणूस आडवातिडवा, आवाज मोठा, पण खुर्चीत बसताना खुर्ची मोडेल म्हणून घाबरून बसणारा. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. घर आपल्याला मिळालं तर हवंच आहे, म्हणाला.

"हे घर आमच्या वडिलांनी बांधलं. दादा थोरला, म्हणून दादाला दिलं. मला एक जुना ट्रक दिला. दादाला गाव मास्तर म्हणायचं, मला 'ए ट्रकवाले' म्हणतं. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, मास्तर कसे आहेत. मी कसा आहे, हे कोणी विचारत नाही."

काल संध्याकाळी तो म्हणे ओट्यावर बसून फोनवर ड्रायव्हरला शिव्या घालत होता. तिथे त्याला बघितलेलं कोणी नव्हतं. शिव्या ऐकलेले मात्र बरेच निघाले असते.

मी त्याला कार्यशाळेत नेलं आणि सहज बोलल्यासारखं करून फळीवरचा एक कप उचलून द्यायला सांगितलं. त्याने दोन बोटांत कप धरला. धरताच काठ आत दबला. तो सरळ करायला गेला, तर दुसऱ्या बाजूने दबला. गोल कपाचा पार होडीसारखा आकार झाला आणि हा धिप्पाड माणूस चोरी पकडल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला.

"लहानपणीसुद्धा आई मला मातीला हात लावू देत नव्हती," तो म्हणाला.

मी तो कप परत फळीवर ठेवला. ज्याने कान उपटले त्याने एवढ्या कपांना हात लावला होता आणि एकाचाही काठ दबला नव्हता. ज्याचा फायदा त्याचे हात असे, आणि जिचे हात सराईत तिचा तोटा. माझं घोडं तिथेच अडलं.

४

थोरलीचं शिवणकामाचं दुकान होतं. ती माझ्यासमोर ताठ बसली आणि बोलताना माझ्या ब्लाउजची बाही कशी चुकली आहे हे बघत राहिली. काल संध्याकाळी काय केलंत, असं विचारल्यावर डोकं दुखत होतं म्हणून पडून होते, एवढं म्हणाली. मग मी धाकटीबद्दल विचारलं आणि नळ सुटला.

त्यांचे वडीलही मातीचंच काम करायचे. तीन मुलींत चाकावर पहिल्यांदा बसली ती थोरली. "माझा हात बघून बाबा म्हणायचे, तू फक्त चाकावर बस. चिखल कालवणं, माती मळणं, भट्टी झाडणं, मला कधी करू दिलं नाही. काम झालं की उरलेली माती बादलीत टाकायची आणि हात धुऊन उठायचं. माती कधी फेकायची नाही, एवढा एकच नियम." मग धाकटी जराशी मोठी झाली. वडिलांनी थोरलीला चाकावरून उठवलं आणि तिला बसवलं. पोरीचा हात बघ, असं थोरलीलाच बोलावून दाखवलं. थोरली शिवणकाम शिकली.

पुढे वडील गेले, तेव्हा मधलीने, म्हणजे माईने, धाकटीला आपल्या घरी आणलं. उजेडाची खोली दिली. मास्तरांनी तिला स्वतःचं जुनं चाक दिलं. बाजारात लोक म्हणायला लागले, की धाकटीचे कप हलके असतात, तोंडाला लावले तर लागतच नाहीत. हे सगळं थोरलीला बारीकसारीक पाठ होतं. एखादीला आपल्या लेकराची दुखणी पाठ असतात तसं.

"माझ्या दुकानावरून रोज जायची," ती म्हणाली. "कपांची टोपली घेऊन. मुद्दाम नाही जायची, रस्ताच तो. पण जायची."

मी बरंच ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की एवढ्या बोलण्यात मेलेल्या बहिणीच्या वाट्याला एकच वाक्य आलं होतं. आणि घर कोणाला मिळणार, हे वारसांनी पहिल्यांदा विचारायचं असतं, ते तिने विचारलंच नव्हतं.

५

दुपारी मी कार्यशाळेतला कोपरा न कोपरा बघितला. उपटलेले कान कुठेतरी गेलेच असणार. कचऱ्याच्या डब्यात नव्हते, अंगणात नव्हते, मागच्या गटारात काठी घालून बघितली तरी नव्हते. खिडकीवाल्याला कधी गटारात काठी घालावी लागत नाही, हाही विचार मनात येऊन गेला.

चाकाजवळ एक बादली होती, गढूळ पाण्याने भरलेली. मी बाही मागे सारली आणि हात घातला. तळाशी बोटांना गोल, वाकडं, गुळगुळीत काहीतरी लागलं. मी ते बाहेर काढलं. कपाचा कान होता. मग एकेक करून सगळेच निघाले, अख्खे, टोकांना जोडाच्या रेघांसकट.

वकील तर नाचायचे बाकी राहिले. कान होते, म्हणजे ते लावलेले होते, म्हणजे मास्तरांची बायको नंतर गेली. भावाने ते उपटले, आणि भावाची डाळ काही शिजली नाही. प्रकरण संपलं, लिहा, म्हणाले.

माझ्याने लिहवेना. ट्रकवाल्याने कान चोरले असते तर खिशात घालून नेले असते, ट्रकमधून कुठेतरी भिरकावले असते. पुरावा लपवायचा म्हणून तो चाकाशेजारच्या बादलीत कशाला ठेवेल?

मी धाकटीला बोलावून त्या बादलीचं काम विचारलं. उरलीसुरली माती त्यात भिजवून पुन्हा वापरतात, ती म्हणाली. मग तिने ओल्या कानांकडे बघितलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"पण हे असे कसे टाकले?" ती म्हणाली. "आधी फळीवर खडखडीत वाळवायचे असतात. वाळलेली माती पाण्यात पडली की विरघळून चिखल होते. अर्धओली टाकली तर दिवसच्या दिवस तशीच राहते."

तिचं तिलाच ऐकू गेलं असावं. ती तशीच वळून घरात निघून गेली, आणि त्या दिवशी माझ्यासमोर पुन्हा आली नाही.

आता एकच पळवाट बुजवायची होती. कोणी म्हणालं असतं, की हे कान दुसऱ्याच कपांचे आहेत, बहिणींनी आणून टाकले. मी फळीवरचे सगळे कप कलाशाळेच्या विजेच्या भट्टीत भाजायला पाठवले. होडीसारखा झालेलाही पाठवला.

६

कप भाजून आले त्या दिवशी मी तिघांना आणि वकिलांना कार्यशाळेत बोलावलं. कप टेबलावर मांडले होते. कच्चे असताना सगळीकडून सारखे दिसत होते. आता प्रत्येकाच्या एका अंगाला, वर आणि खाली, दोन ठिकाणी पुसट उंचवटा आला होता. बोट फिरवलं की कळायचा.

"माती विसरत नाही," धाकटी हळूच म्हणाली. "दाबलेली जागा वरून कितीही सारखी केली तरी आगीत पुन्हा उठते."

माईने त्या दुपारी प्रत्येक कपाला कान लावला होता, याबद्दल आता वाद नव्हता. भावाने मान खाली घातली. घर गेलं, हे त्याला कळलं होतं. वकील त्याच्याकडे बोट रोखणार, तेवढ्यात मी त्यांना थांबवलं.

मी म्हटलं, की यांच्या हातात एक कप दिला तर त्याची होडी झाली. हे काम यांचं नव्हे. कान उपटणाऱ्याला मातीची सवय होती. इतकी, की पुरावा नाहीसा करायच्या घाईतही त्याला माती फेकता आली नाही, ती बादलीतच गेली. अशी माणसं या घरात दोनच. त्यातली एक ही माती रोज वाळवते आणि रोज भिजवते. तिने कान लपवले असते तर आधी वाळवून मग भिजवले असते आणि मला नुसता चिखल सापडला असता. दुसरीला लहानपणी एवढंच शिकवलेलं, की उरलेलं बादलीत टाकायचं आणि हात धुऊन उठायचं. पुढचं वाळवण्या-भिजवण्याचं काम वडील करायचे, ते तिने कधी पाहिलंच नव्हतं.

सगळ्यांनी थोरलीकडे बघितलं. वकील म्हणाले, "अहो, पण यांचं तर निम्मं घर बुडत होतं. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड कोण मारून घेईल?"

ते मला विचारायला हवं होतं. खिडकीवाल्याची खोली रिकामी झाली तरी मला मिळणार नाही, साहेबांचा भाचा टपून बसला आहे. तरीही दर पावसाळ्यात ती खोली गळावी, असं मला मनापासून वाटतं. जळणारा माणूस हिशेब करत नाही. पण हे चारचौघांत बोलायचं नव्हतं, म्हणून मी थोरलीला म्हटलं, "ताई, तुम्हीच सांगा."

नाही म्हणेल असं वाटलं होतं, पण ती म्हणाली नाही.

"मला निम्मं मिळणार होतं, मला कळत होतं," ती म्हणाली. "पण तिलाही निम्मं मिळणार होतं. आणि तिचं निम्मं म्हणजे ही खोली, हे चाक, सगळं. माझं निम्मं म्हणजे नुसते पैसे. सगळंच गेलं असतं ना, तर आम्ही दोघी एकदा तरी सारख्या झालो असतो."

धाकटी उठली. मला वाटलं, बहिणीच्या अंगावर धावून जाते की काय. ती टेबलापाशी गेली आणि एक कप उचलून त्याचा उंचवटा अंगठ्याने चाचपला.

"ताई, तू कान काढलेस तेव्हा," तिने विचारलं, "सरळ लागले होते का गं? सगळे? शेवटचेसुद्धा?"

थोरलीला प्रश्न कळायला वेळ लागला. मलाही लागला. वायूने हात जड झालेल्या माणसाला कान सरळ लावता आला नसता. कान सरळ असतील तर माईला शेवटपर्यंत काही कळलं नव्हतं, तिला त्रास झाला नव्हता, ती काम संपवून, कप झाकून मग गेली.

"सरळ होते," थोरली म्हणाली. "सगळे. शेवटचेसुद्धा." आणि मग ती रडायला लागली.

७

बायको नंतर गेली, असं कोर्टाने मानलं. घर दोन बहिणींचं झालं. पुराव्याला हात लावल्याबद्दल थोरलीला कोर्टात उभं राहून चांगलंच ऐकून घ्यावं लागलं; पण कायद्याने तिचं निम्मं तिचंच राहिलं. धाकटीने तक्रार केली नाही. खिडकीवाल्याने मला येऊन शाबासकी दिली, ती मला अजून पचलेली नाही.

शेवटच्या सह्या घ्यायला मी गेले, तेव्हा धाकटीने त्या कपांना झिलई देऊन पुन्हा भाजलं होतं. बिनकानाचेच. माझ्यासाठी तिने एक काढून ठेवला होता, ट्रकवाल्याने होडी केली तो. "हा असा दुसरा नाही," म्हणाली. आणि एक कागदात गुंडाळून दिला, ताईच्या दुकानावरून जाल तेव्हा तिला द्या म्हणून. तो फळीच्या टोकाचा होता, माईने सर्वांत शेवटी कान लावलेला. हे ताईला सांगा, असंही म्हणाली.

थोरली दुकानात मशीनवर बसली होती. मी कप दिला आणि सांगायचं ते सांगितलं. तिने तो कागदातून काढला, दोन्ही हातांत धरला, उंचवट्यावरून अंगठा फिरवला. तिचे डोळे भरून आले. मला बरं वाटलं. या घरातलं काहीतरी जागेवर आलं, असं वाटलं.

मग तिची नजर माझ्या पिशवीकडे गेली.

"तुम्हालाही दिला?"

मी हो म्हटलं आणि दाखवला. तिने तो मागून घेतला, फिरवून बघितला आणि आपल्या कपाशेजारी ठेवला. तिचा कप सुबक, गोल होता. माझा वेडावाकडा.

"तुमचा वेगळा आहे," ती म्हणाली.

"दबलेला आहे हो. बिघडलेला."

"असू दे. पण तिने तुम्हाला वेगळा दिला." तिने दोन्ही कप जरा जवळ सरकवले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बदलून घेता?"

द्यायला काहीच हरकत नव्हती. माईचा शेवटचा कप त्या होडीपेक्षा कितीतरी मोलाचा होता, आणि मला घरी कपांची कमी नाही. मी तिच्यापुढचा माझा कप उचलला, पिशवीत घातला आणि पिशवीची चेन लावून घेतली.